भलत्याच रंगाचं पिल्लू निघालं? शोध असा घ्या

काळा कोंबडा, काळी कोंबडी आणि अंड्यातून बाहेर आलं पांढरं पिल्लू. संशय लगेच शेजारच्या कोंबड्यावर जातो. कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा पिल्लू त्याच दोघांचं असतं आणि आईबापांच्या अंगात दडून राहिलेला रंग त्याच्या पिसांवर उमटलेला असतो.

कोंबडीचा रंग एका जनुकावर ठरत नाही. एक जनुक काळा रंग अंगभर पसरवतं, दुसरं तो फिका करतं, तिसरं त्यावर पट्टे ओढतं, तर एखादं सगळा रंगच पुसून टाकतं. आपल्याला दिसतो तो सगळ्यांचा मिळून झालेला हिशेब. म्हणून नुसत्या रूपावरून जोड्या लावणाऱ्याला असे धक्के बसणारच. मात्र ते पिल्लू खुराड्याबाहेर काढायची घाई करू नका. आईबापांच्या पोटात काय आहे, हे सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.

आधी बाप नक्की करा

कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. आज कोंबडा बदलला म्हणून उद्याची अंडी नव्या कोंबड्याची होत नाहीत. पैदाशीसाठी अंडी गोळा करण्याआधी ठरलेली जोडी किमान तीन, शक्यतो चार आठवडे वेगळी ठेवा.

आईची खात्रीही तितकीच महत्त्वाची. खुडूक कोंबडी उठून चारा-पाण्याला गेली की दुसरी तिच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. उबवायला ठेवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा आणि बिनखुणेचं अंडं रोज काढून घ्या. पिल्लं निघाली की पायात रंगीत कड्या घाला, पाय जाड होतील तशा त्या बदला. एवढं केलेलं नसेल तर पुढच्या तर्काला काही अर्थ नाही.

पिसं येईपर्यंत निकाल देऊ नका

पिल्लाची लव फसवी असते. काळ्या जातीच्या पिल्लांचं पोट आणि पंखांची टोकं पांढुरकी किंवा पिवळसर असणं नेहमीचंच आहे, मोठेपणी तीच पिल्लं काळी कुळकुळीत होतात. लव जाऊन पहिली पिसं येतात, मग तीही झडून नवी येतात. खरा रंग साधारण चार ते सहा महिन्यांनी स्थिरावतो.

मोठ्या पक्ष्यात अचानक दिसलेला प्रत्येक बदलही आनुवंशिक नसतो. पीस उपटलं जाऊन मुळाशी जखम झाली तर त्या जागी पांढरं पीस येऊ शकतं. वाढीच्या काळात खाद्यात लायसिन (प्रथिनांतला एक घटक), तांबं किंवा लोह कमी पडलं तर रंग नीट भरत नाही. उन्हाने काळी पिसं तांबूस पडतात. पुढच्या वेळी पिसं झडून नवी येतील तेव्हा रंग पूर्ववत झाला, तर जनुकांना दोष देण्याचं कारण नाही.

पांढरा रंग कोणता ते ओळखा

सगळ्यात जास्त घोळ पांढरा घालतो, कारण तो निदान दोन प्रकारचा आहे.

पहिला अप्रभावी पांढरा. तो दिसायला आई आणि बाप दोघांकडूनही ते जनुक यावं लागतं. दोन काळ्या पक्ष्यांपासून असं पिल्लू निघालं तर दोघंही वाहक आहेत, म्हणजे ते जनुक त्यांच्यात आहे पण दिसत नाही. नुसता कोंबडा बदलून मोकळे होणारे इथेच चुकतात, कोंबडी तेच जनुक पुढच्या पिढीत नेत राहते. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला पांढरं होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि रंगीत भावंडांपैकी सरासरी तीनात दोन वाहक असतात. चार पिल्लांत एक पांढरं निघायलाच हवं, असा मात्र याचा अर्थ नाही. चारही रंगीत निघण्याची शक्यता जवळपास 32 टक्के आहे. म्हणूनच हे जनुक लहान खुराड्यात कित्येक पिढ्या गुपचूप राहू शकतं.

दुसरा प्रभावी पांढरा, व्हाइट लेगहॉर्नमध्ये असतो तो. त्याच्या जनुकाची एक प्रत, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच आलेली, पुरते. तो काळा रंग रोखतो, पण तांबडा पुरता रोखत नाही. त्यामुळे संकरित पांढऱ्या पक्ष्याच्या छातीवर तांबूस झाक दिसते, आणि एकच प्रत असेल तर मधूनच काळे शिंतोडेही दिसतात. असे शिंतोडे असलेले दोन पक्षी जोडले तर चारात एक पिल्लू रंगीत निघू शकतं. पांढऱ्या जोडीला रंगीत पिल्लू झालं की लोक चक्रावतात ते यामुळेच. शुद्ध लेगहॉर्न आणि अप्रभावी पांढरा पक्षी एकत्र आणले तर आणखी गंमत: पहिली पिढी पांढरी, आणि त्या पिढीतली भावंडं आपसात जोडली की 16 पैकी सरासरी 3 रंगीत.

निळसर रंगाचं गणित वेगळं

अँडालुशियन कोंबडीचा निळसर-राखाडी रंग शुद्ध होतच नाही. काळा रंग फिका करणाऱ्या जनुकाची एक प्रत असली की पक्षी निळसर, दोन असल्या की पांढुरका आणि त्यावर गडद शिंतोडे. दोन निळसर पक्ष्यांपासून सरासरी अर्धी पिल्लं निळसर, पाव काळी, पाव शिंतोडेवाली निघतात. सगळीच निळसर हवी असतील तर काळा पक्षी शिंतोडेवाल्याशी जोडा. फिकट राखाडी लॅव्हेंडर रंग दिसायला जवळचा असला तरी त्याचं जनुक अप्रभावी आहे, आणि लॅव्हेंडरला लॅव्हेंडर जोडलं की पिल्लंही लॅव्हेंडरच होतात.

पट्टे लेकाकडे जातात

पक्ष्यांत लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची मांडणी माणसाच्या उलट असते. कोंबड्याकडे दोन झेड, तर कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपलं झेड फक्त नर पिल्लांना देते, माद्यांना ते बापाकडून मिळतं. आणि पट्ट्यांचं जनुक नेमकं झेडवर असतं.

आता बार्ड प्लायमथ रॉकची पट्टेदार कोंबडी ऱ्होड आयलंड रेडच्या तांबड्या कोंबड्याशी जोडून बघा. पिल्लं बाहेर आल्यावर सगळी काळपटच दिसतात, पण नीट पाहिलं तर काहींच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो. ते नर, आणि पुढे पट्टे त्यांनाच येतात. माद्या बिनपट्ट्यांच्या. पट्टेदार कोंबडीच्या एकाही तलंगेवर पट्टे नाहीत म्हणून अंडी बदलली असं समजू नका, या जोडीत तसंच व्हायला हवं. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा शुद्ध पट्टेदार घेतला, तर नर-मादी सगळ्यांना पट्टे येतात आणि ठिपक्यावरून लिंग ओळखता येत नाही. पांढऱ्याशुभ्र पक्ष्याच्या अंगावर मात्र पट्टे असूनही दिसत नाहीत, तेव्हा त्याच्या पिल्लांत ते उगवले तर नवल नको.

संशय असेल तर चाचणी घ्या

समजा, चांगला काळा कोंबडा अप्रभावी पांढऱ्याचा वाहक आहे का, हे पाहायचं आहे. त्याला अप्रभावी पांढऱ्या कोंबडीशी जोडा. लेगहॉर्न इथे चालणार नाही, तिचा पांढरा सगळं झाकून टाकेल. कोंबडा वाहक असेल तर निम्मी पिल्लं पांढरी व्हायला हवीत. एक जरी पांढरं निघालं तरी उत्तर मिळालं. सलग सात पिल्लं रंगीत निघाली तर तो वाहक नाही असं धरून चालायला हरकत नाही. वाहक असूनही असं घडण्याची शक्यता 128 मध्ये 1 उरते.

या चाचणीतली पिल्लं पैदाशीत परत घेऊ नका. त्यांना आईकडून ते जनुक मिळालेलंच असतं, त्यामुळे रंगीत दिसणारंही प्रत्येक पिल्लू वाहक असतं. अंड्यांसाठी ती खुशाल पाळा, कडी मात्र वेगळ्या रंगाची घाला.

वहीत प्रत्येक पिल्लासाठी आईबाप, तारीख, लवेचा रंग आणि सहाव्या महिन्यातला रंग एवढं लिहा. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. पिवळ्या दिव्याखाली लॅव्हेंडर आणि निळसर सारखेच दिसतात.