पाच काळ्या पट्ट्यांपासून सुरुवात करा

माझा भाचा कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. कानात सतत रॉक. दोन वर्षांपूर्वी मी त्याला हौसेने शास्त्रीय संगीताच्या एका मैफलीला नेलं. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, निम्म्यावर आला असेल, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामा, हे सुरू कधी होणार?" मला फार लागलं ते. पुढे लक्षात आलं की कान कुठे द्यायचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक पथ्य. त्याच्या संगीताला धांगडधिंगा म्हणू नका. त्याचं एक आवडतं गाणं त्याच्याकडूनच समजून घ्या, मन लावून.

मग त्याचाच कीबोर्ड घ्या. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि सा काळी तीनवर ठेवा, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिलीवर. तो त्या पट्टीला एफ शार्प म्हणेल. सांगा, फक्त काळ्या पट्ट्या वाजव, इथूनच निघ आणि इथेच परत ये. झाले भूप रागाचे स्वर: सा रे ग प ध. ही त्याची मेजर पेंटाटॉनिक, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातली पाच स्वरांची मालिका, त्यामुळे बोटं आपसूक चालतात. रागाचं नाव लगेच सांगायची घाई नको.

आता पट्ट्या त्याच, पण तानपुऱ्याचा सा काळी पाचवर, म्हणजे त्याच गटातल्या शेवटच्या पट्टीवर न्या. पहिली तार पंचमाऐवजी (प) मध्यमाला (म) लावा, कारण पुढच्या रागात पंचमच नाही. भाच्याने दोन-तीन स्वर वाजवले आणि हात उचलला. पट्ट्यांकडे बघत राहिला. पुन्हा तेच वाजवलं. "मी काहीच बदललं नाहीये ना?" नव्हतंच बदललं, पण सगळी छाया मालकंस रागाची होती. सा काळी एकला, म्हणजे दोनच्या गटातल्या पहिलीला धरला की दुर्गा रागाचे स्वर मिळतात. पट्ट्या त्याच ठेवून सा बदलायचा, याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. त्या संध्याकाळी आम्ही जेवायचं विसरलो.

मात्र स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असं नाही, हे त्याच बैठकीत सांगा. भूप आणि देसकार यांचे स्वर अगदी तेच. भूप गंधाराला (ग) जपतो, देसकार धैवताला (ध). एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. दोन्ही पाठोपाठ ऐकवा आणि गायक कुठे थांबतो तेवढंच बघायला सांगा. मुलं हे आपल्या अंदाजापेक्षा लवकर ओळखतात.

तालाला फार वेळ लागत नाही. तीनतालाच्या १६ मात्रा, चार-चारचे चार भाग. १, ५ आणि १३ ला टाळी, ९ ला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश लावा आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टेबलावर थाप मारायला सांगा. दोन-तीनदा बरोबर पडली की तो स्वतःच पुढच्या समेची वाट बघू लागतो.

ऐकायला तासाभराचा ख्याल आत्ता नको. जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केलाय. केसरबाई केरकरांची भैरवी तर जरूर ऐकवा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर ती आहे, बाख, बीथोव्हेन आणि रॉक अँड रोलवाला चक बेरी यांच्या शेजारी. चक बेरीचं नाव ऐकून भाचा ताठ बसला होता.

मैफल सगळ्यात शेवटी. जागा पुढची घ्या, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती भरीव गुंजन, नीट ऐकू येईल अशी. निघण्याआधी राग कोणता असेल याचा अंदाज घेऊन त्याचे स्वर घरी एकदा वाजवून बघा. मैफलीत कानाशी समजावत बसू नका. कंटाळला तर उठू द्या. एवढं सगळं झाल्यावर नेलं, तेव्हा माझा भाचा चाळीस मिनिटं बसला, पुढच्या खेपेला मध्यंतरापर्यंत.