घंटा आणि पाटी वाचायची कशी

वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर लोक येतात, घंटेला दोन टोले देतात, सेल्फी काढतात आणि वाईला जेवायला पळतात. टोला शेवटी द्या. मी एकदा आत डोकं घालून लोलक बघत असताना मेव्हण्यानं दोर ओढला; संध्याकाळपर्यंत कान गुणगुणत होता.

सकाळी जा. ऊन तिरपं असलं की उठावाची अक्षरं सावली धरतात. ढग असतील तर मोबाइलची बॅटरी समोरून न मारता घंटेला जवळजवळ चिकटवून बाजूनं मारा. बाळ येशूला घेतलेली मेरी दिसेल, आणि १७०७ हे साल. इथेच गल्लत होते. ते घंटा ओतल्याचं साल. ती आपल्याकडे आली वसईच्या लुटीतून, म्हणजे चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला तेव्हा. ज्या नाना फडणवीसांच्या घाटावर ती टांगलीय, त्यांचा जन्मच १७४२ चा! देशी घंटेवर शके असेल तर ७८ मिळवा, इसवी सन निघतो. व्यास हवाय? तोंडाभोवती सुतळी गुंडाळा, लांबीला ३.१४ नं भागा. घंटा उजळायला चिंच, राख, तेल काही लावू नका.

सातारा जिल्ह्यात आहातच, तर एखाद्या गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटीही शोधा. चावडीच्या भिंतीत असते, कधी चुन्याखाली अर्धी बुजलेली. अक्षरांत खडू भरू नका. मी भरला होता, खाचांतून निघता निघेना. हलक्या ब्रशनं धूळ झाडा, पुरे.

पाटीवर बहुधा दोन आकडे असतात: गावातून किती जण लढाईला गेले आणि त्यातले किती कामी आले. दोन्ही वेगवेगळे उतरवून घ्या, कारण पारावर विचारलंत तर गेलेले सगळेच 'शहीद' होतात. साल १९१४-१९१९ दिसलं तर ती कोरणाऱ्याची चूक नव्हे; लढाई १९१८ च्या नोव्हेंबरात थांबली, तह झाला १९१९ मध्ये.

नावं मात्र अशा पाटीवर सहसा नसतात. त्यासाठी जुन्या घरांत चहा प्यावा लागतो. कुणाच्या ट्रंकेत पणज्याचं पदक निघालंच, तर राजाच्या मुंडक्याकडे बघत बसू नका. पदक आडवं धरा, कड फिरवा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथं बारीक अक्षरांत असते. भिंग न्या.