प्राण्यांचं नृत्यनाट्य बसवताय? या चुका टाळा

पहिली चूक तालीम सुरू व्हायच्या आधीच होते. संहिता हातात पडली की लोक भाड्याच्या ड्रेपरीचं दुकान गाठतात. फरचा झगा, अख्खं डोकं झाकणारा मुखवटा आणि आत घामाघूम झालेलं मूल. दुसऱ्या कडव्याला त्याचा दम संपतो, आवाज आतल्या आत घुमतो आणि मागच्या रांगेला एक शब्द कळत नाही. चेहरा मोकळा ठेवा. १९९७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या ‘द लायन किंग’ या संगीतनाट्यात दिग्दर्शिका ज्यूली टेमॉर यांनी सिंहांचे मुखवटे चेहऱ्यावर नव्हे, डोक्यावर चढवले. कागदाच्या लगद्याचा हलका मुखवटा कपाळाच्या वर बांधला की शाळेच्या हॉलमध्येही हे साधतं.

मग प्राणी दिसणार कुठे? पाठीच्या कण्यात, मानेत, थांबण्यात. मांजर म्हटलं की मुलांना रांगायला लावतात, हे मला अजिबात पटत नाही. गुडघे सोलतात, मान खाली गेल्यामुळे सूर दबतो. मांजर उडी मारण्याआधी कशी स्थिर होते, ते मुलांना बघू द्या. नट लहान दिसायला हवा, तर भोवतीच्या वस्तू मोठ्या करा. १९८१ साली लंडनमध्ये आलेल्या ‘कॅट्स’ या मांजरांच्या संगीतनाट्यासाठी नेपथ्यकार जॉन नेपियर यांनी उकिरडा मांजरांच्या नजरेतून, भल्यामोठ्या वस्तूंचा उभारला होता.

गाणं आधी, नाच नंतर, आणि शेवटच्या आठवड्यात दोन्ही एकत्र, असं करू नका. पहिल्यापासून नाचतानाच गाऊन घ्या. जिथे धाप लागते तिथली उडी काढा किंवा ती ओळ कोरसला द्या. तरीही सूर उतरत असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने खाली आणा.

शेपटी गुडघ्याच्या वरच संपवा. आमच्या माकडाची लांब शेपटी मागच्या मुलीच्या पायाखाली आली आणि दोघंही पडली. तेव्हापासून पहिल्या तालमीलाच शेपटीच्या जागी कमरेला ओढणी बांधतो.

मोज्यांवर नाचवू नका, घसरतात.

अंग मोकळं केल्याशिवाय नाच सुरू करू नका. ‘कॅट्स’च्या तालमीत अभिनेत्री जुडी डेंच यांचा टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि त्यांची भूमिका इलेन पेज यांनी केली. म्हणून प्रत्येक मोठी भूमिका आणखी एकाला पाठ असू द्या, आणि रंगीत तालमीत निदान एकदा त्यालाच उभं करा.