जुनाट अपचनात गहू बंद करण्यापूर्वी काय करावे

चार घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, जेवणानंतर वरच्या पोटात जडपणा किंवा जळजळ होणे, असा त्रास महिनोन्‌महिने टिकला की हल्ली चपाती सोडण्याचा सल्ला लगेच मिळतो. माझी आग्रहाची विनंती आहे की, तपासणी होईपर्यंत चपाती सोडू नये. सीलिअॅक आजारात गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते आणि रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे तयार होतात. गहू बंद होताच ती कमी होऊ लागतात, अस्तरही भरून येते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

त्यासाठी डॉक्टरांशी बोलून ही प्रतिपिंडे शोधणारी ‘टीटीजी-आयजीए’ ही रक्ततपासणी करावी व सोबत रक्तातील एकूण आयजीएही (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजून घ्यावे, कारण ते मुळातच कमी असल्यास पहिली तपासणी फसवी ठरते. गहू आधीच सोडला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो किमान ६ आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत घेऊन मगच रक्त द्यावे. मात्र गव्हाने अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल, तर ती अॅलर्जी असू शकते; अशांनी हा प्रयोग मुळीच करू नये. वजन घटणे, काळी शौच, गिळताना अडकणे किंवा रक्तक्षय असल्यास थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. दुर्बिणीची तपासणी ठरल्यास लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेणार का, हे आधीच विचारावे. अस्तर वरवर चांगले दिसले तरी दोष सूक्ष्मदर्शकाखाली सापडू शकतो.

सीलिअॅक निश्चित झाल्यास पथ्य आयुष्यभराचे असते आणि कोल्हापुरात ते पाळताना तीन गोष्टी हमखास निसटतात. खपली गहू पचायला हलका मानला जातो, पण त्यातही ग्लूटेन असते. गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेल्या जोंधळ्यात गव्हाचे पीठ मिसळते, म्हणून धान्य घरच्या वेगळ्या चक्कीवर दळावे. बाजारच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते, तेव्हा वेष्टनावरील घटक वाचावेत. भारतात ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

तपासण्या निर्दोष आल्या तरी रुग्णाचा त्रास खोटा ठरत नाही. अशा अपचनाच्या काही रुग्णांच्या लहान आतड्यात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढलेल्या आढळतात आणि काहींच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील पेशी, गव्हातील ग्लायडिन प्रथिनाला प्रतिसाद देतात, असे संशोधनात दिसले आहे. मात्र हे ओळखणारी नेहमीची तपासणी प्रयोगशाळेत उपलब्ध नाही. कोणते अन्न सोसत नाही हे आयजीजी प्रतिपिंडांवरून सांगणाऱ्या बाजारातील अन्नचाचण्यांवर पैसे घालवू नयेत.

यानंतरच आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ४ ते ६ आठवडे गहू, मैदा, रवा व पाव बंद करून भाकरी आणि भात घ्यावा, रोजची नोंद ठेवावी आणि त्या काळात तिखट, चहा किंवा औषधे बदलू नयेत. गव्हात फ्रुक्टन नावाची कर्बोदकेही असतात व ती कांदा-लसणातही असतात. म्हणून रश्श्यानेही पोट फुगत असेल, तर दोष प्रथिनांचा नसून या फ्रुक्टनचा असू शकतो. आराम पडल्यावर गहू पुन्हा सुरू करून पाहणे अत्यावश्यक आहे: त्रास परतला नाही, तर चपाती कायमची सोडण्याचे कारण उरत नाही, परतला, तर किती गहू सोसतो हे प्रमाण हळूहळू वाढवून ठरवावे.