मुलांच्या क्रिकेटसाठी गाडीत सामान लावताना या चुका टाळा

मुलाला क्रिकेटच्या कोचिंगला घातलं की महिन्याभरात तीन खरेद्या होतात: चाकांची मोठी किट बॅग, डिकीत ठेवायचा कप्प्यांचा ऑर्गनायझर आणि पुढच्या सीटच्या पाठीला अडकवायचा खिशांचा पडदा. या सगळ्याच्या आधी डिकी मोजायला हवी, आणि नेमकं तेच राहून जातं.

डिकीची रुंदी मागच्या दोन चाकांच्या उंचवट्यांमध्ये मोजा, दारापाशी नको. दारापाशी ती नेहमी जास्त भरते. मोठ्यांची बॅग 90 सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि लहान हॅचबॅकमध्ये आडवी बसेलच असं नाही. दहा वर्षांच्या मुलाची बॅट 4 किंवा 5 नंबरची असते, त्याला एवढी बॅग लागतही नाही. सीएनजी गाडी असेल तर आणखी सांभाळून. 60 लिटरचा एकच सिलिंडर असेल तर डिकी जवळजवळ संपते. दोन लहान सिलिंडर खाली बसवलेल्या गाड्यांत बऱ्यापैकी जागा उरते. सिलिंडरच्या तोंडाशी हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह असतो, त्याच्यावर बॅग रेटून बसवू नका. गॅसचा वास आला तर तिथे क्षणात हात पोचला पाहिजे. अशा गाडीसाठी चाकांची कडक बॅग घेऊच नये. मऊ डफल बॅग घ्यावी, ती सिलिंडरच्या पुढच्या फटीत दाबून बसते.

डिकीत किट ठेवून देणं

सगळ्यात जास्त नुकसान या सवयीने होतं, आणि कारण दरवेळी एकच सांगतात: ‘उद्या परत न्यायचंच आहे.’

जून उजाडला की हे ठरल्या क्रमाने घडतं. शनिवारी पावसामुळे सराव अर्ध्यावर थांबतो. घामाचे ग्लोव्ह्ज, भिजलेले पॅड, चिखलाचे बूट एकाच बॅगेत कोंबले जातात आणि बॅग डिकीत. रविवारी सुट्टी, सोमवारी शाळा. मंगळवारी पहाटे मैदानावर बॅग उघडली की ग्लोव्ह्जचे तळवे पापडासारखे कडक, पॅडच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी आणि गाडीच्या छताच्या कापडापर्यंत वास. मग गाडीत सुगंधी जेलची डबी येते. तिने काहीही होत नाही, कारण वास बॅगेतून येतोय. ग्लोव्ह्जचा तळवा चामड्याचा असतो. तो भिजून बंद जागेत तापला की आकसतो आणि पुन्हा मऊ होत नाही. नवी जोडी घ्यावी लागते.

बॅटचं तर याहून वाईट. विलो लाकडात ठरावीक ओलावा असावा लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी तापली की तो उडतो, आणि बॅट आधी टोकाला, मग कडेला तडकते. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, दोष बॅटचा नसतो.

यावर उपाय एकच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. घरी आल्यावर गाडी बंद करायच्या आधी बॅग बाहेर. बाल्कनीत चेन पूर्ण उघडायची, ग्लोव्ह्ज बोटं वर करून दोरीला लावायचे, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, आणि तासाभराने ते बोळे बदलायचे. मुलगा आठ वर्षांचा असला तरी हे काम त्याचंच. आईवडिलांनी करून दिलं की चौथ्या दिवशी बॅग पुन्हा डिकीत राहते.

याच डिकीत आणखी एक वस्तू सापडते, तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही: बॅटला जवसाचं तेल लावलेलं फडकं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकतं आणि सुकताना उष्णता सोडतं. फडकं चोळामोळा करून बंद जागेत टाकलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. तापलेल्या डिकीत, सीएनजीच्या सिलिंडरशेजारी, हे चालणारच नाही. तेल घरीच लावा. फडकं मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून फेका.

सुटा चेंडू

डिकीचं झालं, पण जीवावर बेततं ते आतल्या सुट्या सामानाने. मुलाच्या हातातून चेंडू निसटतो, मागच्या पायांजवळ पडतो, सीटखालून घरंगळत पुढे येतो. सिग्नलला पाय ब्रेकवर ठेवला की पेडल आणि फ्लोअरच्या मध्ये तो अडकतो आणि पेडल खाली जातच नाही. पाण्याची गोल बाटलीही तेच करते. लेदरचा मोठा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा, तेराच्या आतल्या मुलांचा 133 ते 144 ग्रॅमचा. ताशी 50 किलोमीटरवरून गाडी अचानक थांबली तर मागच्या पार्सल ट्रेवर (डिकीवरच्या फळीवर) ठेवलेला चेंडू त्याच वेगाने पुढे येतो, आणि वाटेत मुलांची डोकी असतात. हेल्मेट, बॅट, बाटल्या यांचंही तसंच. ट्रेवर काहीही ठेवू नये, टोपीसुद्धा नको, कारण आज टोपी ठेवली की उद्या त्यात चेंडू येतो.

चेंडू जुन्या मोज्यात घालून गाठ मारा आणि तो मोजा बॅगेच्या चेनच्या खिशात ठेवा. बॅग डिकीत आडवी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. जड सामान खाली. बॅग सीटवरच ठेवायची वेळ आली तर तिच्या दोन्ही पट्ट्यांतून सीटबेल्ट ओवून लावा. पाठीवरच्या खिशांच्या पडद्यात टॉवेल, टोपी एवढंच. स्टीलची बाटली तिथे लटकवली तर धडकेत मुलाचा चेहरा तिच्यावरच आपटतो.

पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखाली मूळ मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकतात. ती सरकून ॲक्सिलरेटरखाली जाते. एकच मॅट, खुंट्यांना अडकवलेली.

बाकीच्या चुका थोडक्यात. सीटमध्ये एअरबॅग असेल तर चिखलापासून वाचवायला पूर्ण कव्हर शिवून घेऊ नका, जुनी चादर पुरते. दुखण्यावरचा स्प्रे, डिओडोरंट, पॉवर बँक उन्हातल्या गाडीत ठेवू नका. स्प्रेच्या डब्यावर 50 अंशांच्या वर तापू देऊ नका अशी सूचना छापलेली असते आणि बंद गाडीत डॅशबोर्ड त्याच्यापलीकडे जातो. ओआरएसची पुडी गाडीत ठेवा, कालवलेलं पाणी नको. पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, आणि चोवीस तासांत संपवा. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या बाटलीत टाकायची घाई मैदानावर सर्रास दिसते, तीही बंद करा. स्टेपनी डिकीच्या तळाशी असेल तर पंक्चरच्या वेळी सगळं किट रस्त्यावर मांडावं लागतं, म्हणून जॅक आणि पाना वेगळ्या पिशवीत दाराशी ठेवा.

शेजारची मुलंही घेऊन जात असाल तर जेवढे बेल्ट तेवढीच मुलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब खाली 1000 रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. दोन मुलांना एका बेल्टमध्ये बांधलं तर धक्क्यात ती एकमेकांवरच आपटतात. साधारण 135 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाच्या मानेवर पट्टा येतो, त्याला उंच बसवणारी बूस्टर सीट लागते. ती डिकीत नको, सीटवरच लावलेली राहू द्या. बेल्टांपेक्षा एक मूल जास्त असेल तर दोन फेऱ्या करा किंवा दुसऱ्या पालकाला गाडी काढायला सांगा, आणि हे आदल्या रात्री ठरवा. पहाटे साडेपाचला गेटवर उभं राहून ठरवायला गेलात तर ते जास्तीचं मूल मांडीवरच बसतं.