गाडीच्या वायरिंगला कुठे कोणती टेप लावावी

वायर उघडी दिसली की पहिला हात काळ्या टेपकडे जातो. घरच्या बोर्डासाठी आणलेली टेप कपाटात असतेच. चार वेढे मारले की काम झालं असं वाटतं. उन्हाळ्यात ते चालूनही जातं. मग बेळगावजवळच्या कणकुंबी-जांबोटीचा पाऊस सुरू होतो, चाकाने उडवलेला लाल चिखल बंपरमागे साचतो, आणि हेडलाइट मिणमिणायला लागतो. टेप उघडली तर आत काळा चिकट राडा आणि हिरवं पडलेलं तांबं.

यात दोष टेपचा कमी आणि तिच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेचा जास्त. जोड धरून ठेवणं हे टेपचं काम नाही. तांब्याला तांबं घट्ट धरायचं ते क्रिंपने (धातूची नळी चेपून केलेल्या जोडाने) किंवा सोल्डरने. पाणी अडवायचं ते आत गोंद असलेल्या हीट श्रिंक स्लीव्हने, म्हणजे तापवली की आक्रसून वायरीला घट्ट बसणाऱ्या नळीने. टेप त्यानंतर येते: वायरींचा जुडगा एकत्र ठेवायला, घासण्यापासून वाचवायला, खडखडाट थांबवायला. ही वाटणी पाळली तर चोर्ला घाटात वरून धो-धो पाऊस असला तरी जोड टिकतो.

तीन टेपा, तीन जागा

साधी पीव्हीसी इन्सुलेशन टेप साधारण १८-१९ मिमी रुंद आणि ०.१२५ ते ०.१८ मिमी जाड असते. भारतीय मानक आयएस ७८०९. वेष्टनावर आयएसआयचा शिक्का आणि तापमानाचा आकडा दोन्ही बघा. स्वस्त टेप बहुधा ८० अंशांपर्यंतची असते, चांगली (उदा. थ्रीएमची सुपर ३३ प्लस, ०.१७७ मिमी) १०५ अंशांची. आकडा छापलेलाच नसेल तर ती टेप बॉनेटखाली नको.

पीव्हीसी टेप उष्णतेत दोन प्रकारे बिघडते. तिचा गोंद मऊ होऊन कडेने बाहेर येतो, धूळ धरतो आणि वेढे एकमेकांवरून सरकू लागतात. शिवाय लावताना आपण तिला ताणलेलं असतं; गरम झाली की ती मूळ लांबीकडे आक्रसते आणि शेवटचं टोक उचकटतं. डॅशबोर्डच्या आत, सीटखाली, डिकीत मात्र ती व्यवस्थित काम देते. तिथे तिच्यावर जास्त विचार करू नका.

बॉनेटखाली लागते ती कापडी हार्नेस टेप. नव्या गाडीचं कंपनीचं वायरिंग ज्या काळ्या, किंचित खरखरीत टेपने गुंडाळलेलं दिसतं, ती हीच. विणलेल्या पॉलिस्टर कापडाची टेप (टेसा ५१०३६ या जातीची) इंजिनजवळ घासण्याला आणि उष्णतेला टिकते. फ्लीसची मऊ टेप (टेसा ५१६०८) आतल्या केबिनसाठी आहे. प्लास्टिकवर वायर आपटून होणारा आवाज ती मारते, पण इंजिनजवळ ती लावू नये. जर्मन मोटार कंपन्यांच्या एलव्ही ३१२ मानकात टेपचे तापमानाप्रमाणे वर्ग आहेत. ऑनलाइन घेताना टेप किती अंशांपर्यंतची आहे ते विचारा. १९ मिमी रुंदीची, १५ किंवा २५ मीटरची गुंडाळी घेतली तर पुष्कळ वर्षं पुरते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या: कापडी टेप पाणी अडवत नाही. ती ओली होते आणि वाळते. म्हणून उघड्या तांब्यावर थेट कापडी टेप कधीच नाही.

तिसरी सिलिकॉनची, स्वतःलाच चिकटणारी टेप. हिला गोंद नसतो. ताणून गुंडाळली की थर एकमेकांत मुरून रबराची एकसंध नळी होते. साधारण २५ मिमी रुंद, अर्धा मिमी जाड, ३ मीटरचा तुकडा मिळतो, आणि २०० अंशांच्या पुढेही ती वितळत नाही. जिथे स्लीव्ह घालताच येत नाही (वायर तोडायची नाही, नुसतं वरचं आवरण सोललंय) तिथे हिच्यासारखं दुसरं काही नाही. पण धारदार पत्र्याने ती पटकन फाटते, त्यामुळे वरून कापडी टेप हवीच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांजवळ) यातली कुठलीच टेप टिकणार नाही. तिथे वायर लांबून न्या आणि फायबर ग्लासची स्लीव्ह घाला. डॉक्टरी चिकटपट्टी, मास्किंग टेप, पॅकिंग टेप यांचा विषयच नाही. उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या आपल्याकडे सर्रास दिसतात. ट्यूबच्या रबरात गंधक असतं, त्याने तांबं काळं पडतं. पट्टी वरून धडधाकट दिसते आणि आत जोड मरत असतो.

उंदराने कुरतडलेल्या वायरी: पूर्ण काम

खानापूर पट्ट्यात भातकापणी झाली, इकडे ऊस तुटायला लागला की शेतातले उंदीर गरम इंजिनाचा आसरा घेतात. बॉनेटखालची सगळ्यात जास्त दुरुस्ती यामुळेच निघते, म्हणून तेच काम सविस्तर बघू.

सामान: गोंदाच्या आतल्या थराची ३:१ स्लीव्ह (तापवल्यावर एक तृतीयांश व्यासापर्यंत आक्रसणारी; जोडलेल्या वायरीवर सहज सरकेल अशी, १ चौ. मिमीच्या वायरीला ४.८ मिमी पुरते), बट कनेक्टर (दोन टोकं आत घालून चेपायची छोटी नळी), रॅचेटचा क्रिंपर, वायर सोलायचा स्ट्रिपर, हीट गन, मल्टीमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापडी टेप, कात्री, केबल टाय. आयसोप्रोपिल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. वायर पुसायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. थिनरने वायरीचं पीव्हीसी मऊ पडतं, आणि पेट्रोलच्या वाफा हीट गनसमोर काय करतील ते वेगळं सांगायला नको.

चावी काढा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. काही गाड्यांत बॅटरी सोडवली की म्युझिक सिस्टिम कोड मागते. तो आधी हाताशी ठेवा. पिवळ्या कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या प्लगच्या) किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, नारिंगी जाड केबल हायब्रीड वा इलेक्ट्रिक गाडीची हाय व्होल्टेज लाइन असते. या दोन्हींना हात लावायचा नाही, ते सर्व्हिस सेंटरचं काम.

आता जुनी टेप दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना ५-६ सेंमीपर्यंत उघडा. ब्लेड वायरीच्या लांबीने कधी चालवू नका, टेपखालची दुसरी वायर कापली जाते. टोक शोधून उलगडा. एक वायर कुरतडलेली दिसली तरी शेजारच्या सगळ्या फिरवून बघा, दातांच्या बारीक खुणा खालच्या बाजूला असतात.

कुरतडलेला भाग कापा आणि तांब्याचा रंग बघा. लालसर चकचकीत असेल तर ठीक. काळपट किंवा हिरवट असेल तर अजून एक-दोन सेंमी कापा, पुन्हा बघा. पाणी वायरीच्या तारांमधून आत ओढलं जातं, त्यामुळे बाहेरून नवी दिसणारी वायर आत दूरपर्यंत सडलेली असू शकते. चांगलं तांबं लागेपर्यंत कापायचं आणि लांबी कमी पडली तर त्याच जाडीच्या, जमल्यास त्याच रंगाच्या वायरीचा तुकडा घालायचा. बारीक वायर घालून वेळ मारून नेऊ नका.

एकापेक्षा जास्त वायरी असतील तर सगळे जोड एकाच जागी आणू नका. प्रत्येक जोड शेजारच्यापासून किमान ४ सेंमी पुढे-मागे ठेवा. जुडगा जाड होत नाही, आणि एखादी स्लीव्ह फाटली तरी दोन जोड एकमेकांना टेकत नाहीत.

स्लीव्ह वायरीत आधीच ओवून लांब सरकवून ठेवा. हे विसरलं की केलेला जोड पुन्हा कापावा लागतो.

मग ७-८ मिमी आवरण सोला. बट कनेक्टरचा रंग वायरीच्या जाडीप्रमाणे: लाल ०.५ ते १.५ चौ. मिमी, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. पक्कडीने चेपलेला कनेक्टर घट्ट दिसतो पण तसा नसतो. रॅचेट क्रिंपर पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाही, म्हणून तोच हवा. क्रिंप झाल्यावर दोन्हीकडून नीट ओढून बघा. सरकला तर कापा आणि नवा लावा.

सोल्डर करायचंच असेल तर राळेच्या गाभ्याचं ६०/४० सोल्डर वापरा. भांड्यांच्या डागाला लागणारा नवसागर किंवा आम्लाची पेस्ट वायरीला लावू नका, ती आत राहून तांबं खात राहते. सोल्डर आवरणाखाली चढतं तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या हादऱ्याने नेमकी त्या कडेला तुटते. म्हणून सोल्डरच्या जोडाला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागतो. इंजिनावर क्रिंपच बरा. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला मात्र सोल्डर अजिबात नको. कित्येक सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच घेतात आणि सोल्डरने ती वाट बंद होते.

स्लीव्ह जोडावर मध्यभागी आणा, दोन्हीकडे चांगल्या आवरणावर किमान एक सेंमी चढली पाहिजे. हीट गन मध्यापासून टोकांकडे फिरवा. दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक कडा बाहेर आला की पाणी बंद. काडेपेटीने किंवा लायटरने स्लीव्ह एका बाजूला जळते, दुसरीकडे सैल राहते.

टेप चढवण्याआधी मोजा

हे पाऊल बहुतेक जण वगळतात, आणि पुढची डोकेदुखी इथूनच सुरू होते. बॅटरी लावून तो दिवा किंवा मोटर चालू करा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक जोडाच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे, जवळच्या कपलरच्या पिनांवर लावा. चांगला जोड ०.१ व्होल्टपेक्षा कमी दाखवतो. ०.२ च्या वर गेला तर जोड पुन्हा करा.

५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर घेतो. जोडात ०.१ ओहम रोध असेल तर तिथे जवळपास अर्धा व्होल्ट गळतो आणि दोन वॉटच्या वर उष्णता तयार होते. बारक्या वायरीच्या एका बिंदूवर, टेपखाली, हवा न लागता. टेप मऊ होते, शेजारचं आवरण वितळतं. आणि फ्यूज? तो उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. फ्यूज शॉर्टपासून वाचवतो, सैल जोडापासून नाही. म्हणून दिवा मंद वाटला की १० अँपिअरचा लाल फ्यूज काढून १५ चा निळा घालणं हा उपाय नसून आगीला आमंत्रण आहे.

गुंडाळणं

मोजमाप ठीक आलं की बॅटरी पुन्हा सोडवा. जुडगा आयसोप्रोपिलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ऑइलचा हात असेल तर आधी धुवा. पावसाळी सकाळी जुडग्यावर दमटपणा असतो, तेव्हा हीट गन लांबून हलकी फिरवा.

सुरुवात दुरुस्तीच्या २-३ सेंमी अलीकडे, शाबूत टेपवर. पहिला वेढा जागीच पूर्ण फिरवा, मग तिरकी धरून प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल अशी पुढे न्या. म्हणजे एकाच फेरीत सगळीकडे दोन थर होतात. वायर उभी असेल तर खालून वर गुंडाळा. वरचा वेढा खालच्यावर येतो आणि छपरावरच्या कौलांसारखं पाणी बाहेरून उतरून जातं.

ताण सारखा ठेवा. पीव्हीसी टेप थोडी ताणलेली, रुंदी किंचित कमी दिसेल इतकीच. कापडी टेप ताणत नाही, ती नुसती घट्ट धरायची. शेवटचा वेढा अजिबात न ओढता ठेवायचा आणि टेप कात्रीने कापायची. हिसका देऊन तोडली की टोक ताणलेलंच राहतं, आणि तेच पुढे उचकटतं. शेवटी अंगठ्याने नीट दाबा.

८ मिमी जाड जुडग्याच्या २० सेंमी भागाला १९ मिमीची टेप एका फेरीत साधारण अर्धा मीटर लागते. घासणारी जागा असेल तर जाऊन-येऊन दोन फेऱ्या करा. त्याहून जास्त थर देऊ नका. जुडगा ताठ होतो आणि मूळ क्लिपमध्ये बसत नाही.

सिलिकॉन टेपची रीत वेगळी. प्लास्टिकची पट्टी सोलत जा, दुप्पट ते तिप्पट लांब ताणा आणि अर्ध्यावर अर्धा वेढा द्या. काही मिनिटांत थर धरतात, पक्के व्हायला एक दिवस द्या. ढिली गुंडाळली तर ती कधीच एकजीव होत नाही.

वायर मूळ मार्गानेच परत बसवा. जुन्या क्लिपा तुटल्या असतील तर केबल टाय, पण वायर चेपेल इतका आवळून नाही. कपलरकडे जाताना वायरीला थोडा खालचा झोल द्या, म्हणजे वाहत आलेलं पाणी कपलरमध्ये न जाता झोलावरून ठिबकतं. जोड मात्र त्या सगळ्यात खालच्या बिंदूवर येऊ देऊ नका.

उंदरांसाठी निपाणीच्या तंबाखूचं पान बॉनेटखाली बांधायची पद्धत आपल्याकडे आहे. इंजिनाच्या उष्णतेने त्याचा वास लवकर उतरतो, गाडी धुतली की गेलाच. पान बांधायचं तर वरचेवर बदला आणि बेल्ट, पंखा, एक्झॉस्ट यांपासून दूर बांधा. वायरीवर फ्लेक्झिबल पाइप चढवणं, चटईखाली सांडलेला खाऊ साफ करणं आणि गाडी आठवडाभर एका जागी न ठेवणं, याचा उपयोग जास्त होतो.

दुरुस्तीनंतर इंजिन पूर्ण गरम होईल इतकी गाडी चालवा. थांबल्यावर इंजिन बंद करून, थोडं निवू देऊन जोडाला हात लावा. आजूबाजूच्या जुडग्यापेक्षा तो गरम लागता कामा नये. पंधरा दिवसांनी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर टोकं बघा. टेप उचकटली असेल तर तिच्यावर दुसरी चढवू नका. जुनी पूर्ण काढा, गोंद पुसा, आणि स्लीव्ह शाबूत आहे का ते पाहूनच नवी लावा.