ब्लँकेट वाटून झाली, आता पुढे काय? बेघर लोकांसाठी चर्चने करायची कामं

बेघर लोकांसाठी काहीतरी करूया असं चर्चच्या मंडळीत कुणी म्हटलं की पहिली सूचना ब्लँकेटची येते, दुसरी जेवणाची. दोन्ही कराच, कडाक्याच्या थंडीत ब्लँकेटला पर्याय नाही. पण वर्षानुवर्षं तेच वाटप चाललंय आणि घेणारे चेहरेही तेच आहेत, तर कधीतरी विचारायला पाहिजे ना की बाबा, यातला एक तरी माणूस घरात राहायला गेला का? बायबलमध्ये यशया 58 मध्ये भुकेल्याला भाकर द्या म्हटलंय आणि लगेच पुढे निराश्रिताला घरात घ्या असंही म्हटलंय, आपण अर्धं वचन पाळतो आणि आमेन म्हणतो.

सुरुवात रस्त्यावरून करू नका, आपल्याच बाकांवरून करा. भाडं थकलं की माणूस आधी उपासनेला यायचा बंद होतो, लाज वाटते, फोन उचलत नाही, आणि आपल्याला कळेपर्यंत सामान बाहेर आलेलं असतं. म्हणून छोटा का होईना पण भाड्यासाठी वेगळा फंड ठेवा. पैसे थेट घरमालकाला द्यायचे, निर्णय दोघातिघांनीच घ्यायचा, आणि कुटुंबाचं नाव कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचायचं नाही म्हणजे नाही. परतफेड मागू नका, ज्याचं भाडंच निघत नाही त्याच्या डोक्यावर चर्चचं कर्ज कशाला? पाळकांनी (म्हणजे पास्टरनी) उपदेशाच्या शेवटी सरळ सांगावं की भाडं थकायला लागलं तर नोटीस यायच्या आधी सांगा. नोटीस आलीच तर मंडळीतल्या वकिलाला ती त्याच दिवशी दाखवा, कारण उत्तर द्यायची मुदत बहुतेक वेळा कमी असते आणि पुष्कळ लोक घाबरून नुसतेच निघून जातात. नवीन घर घेताना डिपॉझिट आणि जामीनदार इथे गाडी अडते, ते चर्च किंवा चर्चमधली दोन भली माणसं करू शकतात.

मग रस्त्यावर जा, पण पहिल्या काही वेळा वाटायला काही नेऊ नका. हातात पिशवी असली की लोक पिशवीशी बोलतात, तुमच्याशी नाही. नुसतं बसा, नाव विचारा, पुढच्या वेळी ते नाव लक्षात ठेवा. बघा माणूस कसा झोपतो, बूट उशाला घेतलेले असतात कारण पायातून काढून बाजूला ठेवले तर सकाळी नसतात, आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून अंगाशी. ती पिशवी एकदा भिजली किंवा चोरीला गेली की बँक, नोकरी, सरकारी मदत सगळंच अडकतं. इथे चर्च फार मोठं काम करू शकतं आणि खर्च जवळपास शून्य: पत्रव्यवहारासाठी चर्चचा पत्ता वापरू द्या (नियमात कुठे बसतं ते आधी विचारून घ्या), कागद ठेवायला कुलूप असलेला कप्पा द्या, मोबाईल चार्ज करायला एक पॉइंट, आणि आठवडाभर उघडं राहणारं टॉयलेट. टॉयलेटवरून कमिटीत भांडण होणार हे गृहीत धरा, साफसफाईची पाळी आधीच लावून ठेवा म्हणजे निम्मा आवाज तिथेच बसतो.

हॉलमध्ये रात्रीचा निवारा सुरू करायचा असेल तर घाई नको. आगीपासून सुरक्षिततेची तपासणी, बाहेर पडायला दुसरं दार, बायका आणि मुलांसाठी वेगळी खोली, रात्री कमीत कमी दोन स्वयंसेवक, एकट्याला कधीच ठेवायचं नाही. एका चर्चला रोज झेपत नसेल तर सात चर्चने आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. फोटो काढायचे नाहीत, आणि प्रार्थनेला बसलास तरच गादी मिळेल असली अट तर अजिबात नको. कुणी स्वतःहून प्रार्थना कर म्हणाला तर करा की, त्यात काय.

अटींचा विषय निघालाच आहे तर, आधी दारू सोड, आधी सुधार, मग घराचं बघू, हे आपल्याला फार पटतं, पण अनुभव उलटा आहे. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने मानसिक आजार आणि व्यसन असलेल्या बेघर लोकांना कुठलीही पूर्वअट न घालता आधी घर द्यायला सुरुवात केली, उपचार आणि आधार सोबत, पण सक्ती नाही. त्यातली बहुतेक माणसं घरात टिकली. फिनलंडने 2008 पासून हेच देशाचं धोरण केलं आणि तिथे बेघर लोकांची संख्या खूप खाली आली. रोज कुठे झोपायचं हेच माहीत नसताना माणूस औषधाची वेळ कुठून पाळणार?

आता खरा अवघड भाग, जमीन. पुष्कळ चर्चकडे रिकामं जुनं पाळकगृह, आठवड्यात एकदा वापरला जाणारा हॉल, नाहीतर मोकळा प्लॉट असतो. विकून टाकायच्या आधी लांब मुदतीच्या लीजवर परवडणारी घरं बांधता येतात का ते बघा, जमीन चर्चचीच राहते आणि घरं गरिबांना मिळतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 1980 च्या दशकात बऱ्याच मंडळ्यांनी एकत्र येऊन, बिनव्याजी पैसा उभा करून, ओसाड पडलेल्या भागात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरं बांधायला घेतली, आणि योजनेला नाव दिलं यरुशलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या बायबलमधल्या नहेम्याचं. कॅलिफोर्नियात तर 2023 मध्ये कायदाच झाला की धार्मिक संस्थांना आपल्या जागेवर परवडणारी घरं बांधणं सोपं जावं. मात्र पहिल्याच मीटिंगला वकील, आर्किटेक्ट आणि घरबांधणीचा अनुभव असलेली संस्था टेबलावर हवी, नुसत्या उत्साहावर प्लॉट अडकून पडतात. चर्चची मालमत्ता कुणाच्या नावावर आहे हेही आधी तपासा, यातच वर्षं जातात.

आणि मंडळीतले घरमालक? त्यांच्याशी बोलायला कुणाला आवडत नाही कारण मोठं दानअर्पण तिकडूनच येतं. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक दुष्काळात शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकून धान्य घेत होते, आणि गहाण घेणारे त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्या चिडला, पण नुसता चिडून बसला नाही, मोठी सभा भरवली, घेतलेलं परत करायला लावलं आणि याजकांना बोलावून तशी शपथ घ्यायला लावली. आपल्याकडे हे बायबल स्टडीत वाचा आणि मग घरं असलेल्यांना वेगळं बसवून विचारा: एकट्या बाईला, जेलमधून सुटलेल्याला, आजारी माणसाला तुम्ही घर देता का? एक खोली बाजारभावापेक्षा कमी भाड्याने द्याल का? सगळे नाही म्हणणार, एखादा हो म्हणेल, त्या एकापासून सुरू करा, आणि भाडं बुडलं तर काही महिने चर्च भरेल असं त्याला लेखी द्या.

शेवटचं काम चर्चच्या बाहेरचं आहे. परिसरात निवारा किंवा स्वस्त घरं येणार म्हटल्यावर विरोधाची पत्रं धडाधड पडतात, आणि खरं सांगायचं तर सही करणाऱ्यांत आपली माणसंही असतात. सुनावणीची तारीख चर्चच्या नोटीस बोर्डावर लावा, वीसेक लोक घेऊन जा, आणि बोलायला पाळकांना पुढे करण्यापेक्षा जो स्वतः रस्त्यावर राहिलाय त्याला विचारा, त्याची तयारी असेल तर तो बोलेल, तुम्ही त्याच्या मागे बसा. तो नाही म्हणाला तर गळ घालू नका. लेखी निवेदन मात्र मुदतीच्या आधी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.